मुठ्याहून तिलोसला: एका शांत ग्रीक बेटाचा हिशेब

दोन माणसं, बारा दिवस, ग्रीसमधलं तिलोस नावाचं छोटं बेट, आणि सुरुवात मुठा गावातल्या घराच्या दारापासून. या सगळ्याचा खर्च साधारण तीन लाख सदुसष्ट हजार रुपये येतो. वर चाळीस हजार राखीव ठेवावे लागतात. आकडा मोठा आहे, आणि तो खाली फोडून दाखवला आहे. त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: या रकमेतला चौथा हिस्साही प्रत्यक्ष बेटावर खर्च होत नाही. पैसे जातात ते वाटेवर. शांत जागा शांत राहिलेली असते ती तिथे पोचणं अवघड असतं म्हणून, आणि त्या अवघडपणाची किंमत प्रवासी भरतो. एकदा हे पटलं की सहलीची आखणी बदलते. चार बेटं पळत पळत बघण्यापेक्षा एकाच बेटावर जास्त दिवस राहणं स्वस्त पडतं.

या लेखात एक युरो म्हणजे १०५ रुपये धरला आहे. विमान, बोट आणि खोल्यांचे आकडे अंदाजाचे आहेत, हंगामानुसार वर-खाली होतील. सरकारी शुल्कं मात्र ठरलेली असल्याने तशीच दिली आहेत.

सँटोरिनी का नाही, असं मुठ्यात कोणी विचारेल असं वाटत नाही. पिरंगुटहून लवासाला निघालेली गाडी उरवडे, मुठा करत टेमघरचा घाट चढते. इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर बांधलेलं लवासातलं दासवे बघायला पावसाळ्यातल्या रविवारी पुणं लोटतं, आणि त्या गर्दीचा हॉर्न, धूळ आणि कचरा वाटेवरच्या गावांच्या वाट्याला येतो. सँटोरिनी आणि मिकोनोसचं दुखणं तेच आहे, फक्त तिथे गाड्यांऐवजी जहाजं येतात. जुलै २०२५ पासून या दोन बेटांवर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाकडून ऐन हंगामात माणशी २० युरो घेतले जातात. फोटो काढायला जायचं असेल तर जरूर जावं. पण ‘शांत’ हा शब्द डोक्यात असेल तर नकाशात आणखी पूर्वेला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ पाहावं.

तिलोस तिथे आहे, रोड्स आणि कोस या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये. वस्ती हजाराच्या आत. विमानतळ नाही, त्यामुळे तिथे बोटीनेच जावं लागतं. लिवादिया हे बंदराचं गाव आणि मेगालो होरिओ हे डोंगरउतारावरचं मुख्य गाव. तिसरं, मिक्रो होरिओ, ओस पडलेलं आहे: माणसं पाण्याच्या आणि बंदराच्या आधाराला खाली सरकली आणि दगडी घरं तशीच उभी राहिली. इथल्या एका गुहेत १९७१ मध्ये बुटक्या हत्तींचे सांगाडे सापडले. बेटावर अडकून पडलेल्या मोठ्या हत्तींचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले आणि त्यांची उंची शेवटी माणसाच्या खांद्याच्या आसपास उरली. १९९३ पासून बेटावर शिकारीला बंदी आहे, म्हणून पक्षी बघणारे इथे मुद्दाम येतात. पवनचक्की, सौर पट्ट्या आणि मोठ्या बॅटऱ्या यांवर बेटाची बरीचशी वीज निघते. डिसेंबर २०२१ पासून रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढून घरोघरी वेगवेगळा कचरा गोळा करण्याची पद्धत सुरू झाली. घाटातल्या वळणावळणावर चिप्सची पाकिटं पाहणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी जाऊन यावं.

सिकिनोस, अनाफी, दोनूसा, लिप्सी हीही अशीच कमी गजबजलेली बेटं. हिशेबाची रीत तीच राहील, बोटीचे आकडे बदलतील.

लावणी झाली की

ग्रीक बेटांचा हंगाम मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबरनंतर खानावळी आणि खोल्या एकेक करून बंद होतात, बोटी विरळ होतात, पाऊसही हिवाळ्यातच पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा कोरडा उत्तरी वारा सुटतो आणि समुद्र खवळतो. त्यात १५ ऑगस्ट हा मेरीमातेचा सण. ग्रीक कुटुंबंच गावी निघतात, त्यामुळे बोटी भरलेल्या आणि खोल्या दीडपट महाग. तिलोसवर २७ जुलैला संत पांतेलेइमोनची जत्रा असते. ती बघायची हौस असेल तर खोली महिनोन्‌महिने आधी धरावी लागते.

मुठा खोऱ्यातल्या भातशेतीवाल्याला सप्टेंबर सोयीचा पडतो. लावणी आटोपलेली असते आणि कापणीला अवकाश असतो. तिकडे समुद्राचं पाणी उन्हाळाभर तापून वर्षातलं सर्वांत उबदार झालेलं असतं, ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते आणि बोटी अजून पूर्ण वेळापत्रकाने धावत असतात. अडचण एकच, ती गणपतीची. गौरी-गणपतीच्या तारखा पाहून त्याआधीचा किंवा नंतरचा पंधरवडा धरा. शाळकरी मुलं असतील तर मेचा उत्तरार्ध बरा, पाणी जरा गार असलं तरी डोंगर तेव्हा हिरवे असतात.

कागदपत्रं: इथे घाई महाग पडते

पासपोर्ट नसेल तर सुरुवात तिथून. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, तत्काळला ३,५०० रुपये. पोलीस पडताळणीच्या वेळी माणूस घरी सापडला पाहिजे आणि पत्ता आधारवरच्या पत्त्याशी जुळला पाहिजे. घर मुठ्याला आणि आधार कोथरूडच्या भाड्याच्या खोलीचं, असा प्रकार असेल तर तो आधी निस्तरा. पासपोर्ट आधीपासून असेल तर तीन गोष्टी तपासा: तो गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत.

ग्रीस शेंगेन गटात आहे. व्हिसाचं शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. म्हणजे जोडप्याला १८,९०० रुपये. अर्ज केंद्राची सेवा आणि कुरिअर मिळून दोघांचे पाचेक हजार धरा. प्रवास विमा सक्तीचा आहे आणि त्यात किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. दोघांचे तीन हजारांच्या आसपास होतात. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत चालतो. पण उन्हाळ्यात भेटीच्या तारखाच मिळत नाहीत, म्हणून तीन महिने आधी हलणं शहाणपणाचं. जवळचं केंद्र कोणतं आणि तिथे तारीख कधीची आहे हे ग्रीसच्या दूतावासाने नेमलेल्या संस्थेच्याच संकेतस्थळावर पाहा. मधल्या ‘एजंट’ला तारीख काढून देण्याचे वेगळे पैसे देण्याचं कारण नाही.

मुळशीतल्या अर्जदारांची खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची असते. नोकरदाराकडे पगारपत्रकं आणि विवरणपत्रं तयार असतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. जमीन विकून आलेली रक्कम मुदत ठेवीत पडलेली असते आणि चालू खात्यात चार आकडे. व्हिसा अधिकाऱ्याला दोन गोष्टी पटल्या पाहिजेत: खर्च झेपतो आहे, आणि माणूस परत येणार आहे. दुसऱ्या गोष्टीला सातबारा आणि आठ-अ हे उत्तम पुरावे आहेत, पण ते मराठीत असतात. त्यांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, मुदत ठेवींच्या पावत्या, दुधाची किंवा भाताची बँकेत जमा झालेली बिलं, भाडं येत असेल तर करार, हे सगळं सोबत जोडा. खातं निदान सहा महिने नीट चालू दिसलं पाहिजे. अर्जाच्या आठवड्यात मेहुण्याकडून पाच लाख आणून खात्यात टाकणं हा सर्वांत वाईट मार्ग. विवरणपत्रात थोडंसं उत्पन्न का होईना, दोन-तीन वर्षं आधीपासून दाखवायला लागलात तर पुढे फार सोपं जातं.

व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारं विमान तिकीट काढू नका. अर्जाला आरक्षण पुरतं.

आणखी एक. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे: आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो, पुढे पाच वर्षांचा. पहिल्या खेपेला बहुधा एकदाच प्रवेशाचा मिळेल. तसा असेल तर रोड्सवरून समोर दिसणाऱ्या तुर्कस्तानातल्या मार्मारिसला दिवसभराची चक्कर मारायला जाऊ नका. बोट पाऊण-एक तासाची आहे, पण परतताना व्हिसा संपलेला असेल.

वाट

मुठ्याहून मुंबई विमानतळाला साडेचार-पाच तास हातात ठेवून निघा. खासगी गाडीचे जाऊन-येऊन बारा हजार धरले आहेत. चांदणी चौकापर्यंत घरच्या गाडीने येऊन पुढे बस धरली तर निम्म्याहून जास्त वाचतात.

विमानाला माणशी साठ हजार धरले आहेत. आखाती देशांतून किंवा इस्तंबूलहून एक थांबा घेऊन अथेन्सला जाणारी विमानं पुष्कळ आहेत. इंडिगो आणि ग्रीसची एजियन या दोन्ही कंपन्यांनी २०२५ मध्ये भारत-अथेन्स थेट सेवा जाहीर केली. तुमच्या महिन्यात ती कोणत्या शहरातून आणि कोणत्या वारी आहे ते तपासा, आणि थेट विमानाला आठ-दहा हजार जास्त पडत असतील तर माझ्या मते ते द्यावेत. वृद्ध आई-वडील बरोबर असताना रात्रीचे सहा तास परक्या विमानतळावर काढण्यात काही बचत नाही.

अथेन्स विमानतळावरून पिरेअस बंदराला एक्स-९६ ही बस दिवसरात्र जाते, तिकीट साडेपाच युरो. मेट्रोही थेट बंदरापर्यंत जाते, नऊ युरो. टॅक्सीवाल्याच्या मागे लागू नका.

पिरेअसहून तिलोसची बोट साधारण पंधरा तास घेते आणि रोज नसते. इथेच बहुतेकांची आखणी फसते. आधी विमान ठरवून मग बोट शोधू नये. बोटीचा वार आधी पाहावा आणि त्याला विमान जुळवावं. डेकचं तिकीट माणशी साठ युरोच्या आसपास. डेक म्हणजे उघड्यावर झोपणं नव्हे, आत खुर्च्या असतात, पण वातानुकूलन कडक असतं. अंगावर घ्यायला चादर न्या. पाठीचा त्रास असेल तर केबिनमधली खाट घ्या. तिला जास्त पैसे पडतात, पण हॉटेलची एक रात्र वाचते.

परतीला वाट बदला. तिलोसहून रोड्सला जलद बोटीने दोनेक तास, माणशी पंचवीस युरो. रोड्सहून अथेन्स विमानाने तासाभरात, माणशी सत्तर युरो. रोड्सला दोन रात्री मुद्दाम ठेवल्या आहेत. वारा जोराचा असला की बंदर अधिकारी बोटी रोखतात, आणि तेव्हा कोणाची ओळख चालत नाही. बेटावरून थेट मुंबईच्या विमानाच्या दिवशी निघणारा माणूस पुढे चाळीस-पन्नास हजारांचं नवं तिकीट काढतो. वाऱ्याने दगा दिला नाही तर त्या दोन रात्री तटबंदीच्या आतलं जुनं रोड्स शहर पाहण्यात जातील.

बेटावर

लिवादियात खाट, पंखा किंवा एसी आणि कोपऱ्यात छोटी शेगडी असलेल्या खोल्यांना ‘स्टुडिओ’ म्हणतात. सप्टेंबरात रात्रीला ६५ युरो धरा, ऑगस्टमध्ये शंभरापुढे. वर सरकारी हवामान शुल्क असतं. ते आरक्षणाच्या रकमेत बहुधा नसतं आणि पोचल्यावर द्यावं लागतं. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात एक-दोन तारांकित हॉटेलांना रात्रीला खोलीमागे २ युरो, तीन ताऱ्यांना ५, चार ताऱ्यांना १०, पाच ताऱ्यांना १५. सँटोरिनीतल्या पंचतारांकित खोलीत सहा रात्री राहिलात तर नुसत्या या शुल्काचे साडेनऊ हजार रुपये होतात.

शेगडीचा फायदा घ्या. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पोहे घेऊन जा. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत: पेढे, तूप, चक्का, खव्याची पोळी, काहीच नाही. ताज्या फळांनाही रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन तेवढे वगळले आहेत. हापूस घरीच खाऊन निघा.

बाहेर जेवण माणशी १५ ते २० युरो. टेबलावर पाव येतो, त्याचे माणशी युरोभर लागतात. नको असेल तर आधीच सांगा. शाकाहारी माणसाचे हाल होतील ही भीती खोटी आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवासाचे दिवस वर्षभरात खूप असतात, आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. असा पदार्थ हवा असेल तर ‘निस्तीसिमो’ म्हणा. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी, पिवळ्या डाळीचा घट्ट फावा, छोल्यांचं कालवण, वांगी-बटाटे-दोडक्यासारख्या भाज्या तेलात शिजवलेलं ब्रिआम, रानभाजीसारखी उकडलेली होर्ता, हे बहुतेक खानावळीत मिळतं. तिखट मात्र काही नसतं. मासे खाणाऱ्यांनी भाव विचारूनच मागवावेत: ताजा मासा किलोवर विकतात आणि दोघांचं बिल सहज ६०-७० युरोंवर जातं. जेवणाला दोघांचे मिळून रोज ५६ युरो धरले आहेत, त्यात एक वेळ बाहेर आणि एक वेळ खोलीवर असं गृहीत आहे.

बेटावर बस आहे, फेऱ्या मोजक्या. स्कूटर भाड्याने मिळते, पण भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आरटीओत १,००० रुपयांत निघतो, वर्षभर चालतो. भारतीय परवान्यावर दुचाकीची नोंद नसेल तर ग्रीसमध्ये दुचाकी चालवू नका: अपघात झाला तर विमा हात वर करेल. तसं बघता पायवाटांनी लिवादियाहून मिक्रो होरिओला चढून जाणं घोल किंवा तेलबैल्याला जाणाऱ्यांना काहीच नाही. किनारे फुकट आहेत.

रुग्णालय बेटावर नाही. दवाखाना आहे, पुढचं काही असेल तर रोड्स. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं चिठ्ठीसकट पुरून उरतील एवढी न्या, आणि विम्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का ते वाचून घ्या.

बेरीज

व्हिसा, विमा आणि केंद्राचे शुल्क २७,०००. मुंबईपर्यंतची गाडी १२,०००. विमान १,२०,०००. अथेन्समधली बस २,३००. दोन बोटी आणि रोड्स-अथेन्स विमान मिळून ३१० युरो, म्हणजे ३२,५००. राहणं: अथेन्स दोन रात्री, बोटीत एक, तिलोस सहा, रोड्स दोन, हवामान शुल्कासह ७५२ युरो, म्हणजे ७९,०००. जेवण बारा दिवसांचं ६७२ युरो, ७०,५००. अॅक्रोपोलिसचं तिकीट माणशी ३० युरो आणि इतर फिरणं मिळून १६,८००. कार्डाचे अधिभार ७,०००. एकूण ३,६७,०००.

यात तिलोसचे सहा दिवस म्हणजे खोली, जेवण, थोडं फिरणं मिळून ८०० युरोंच्या आत, ८४,००० रुपये. एक दिवस वाढवला तर दोघांचे तेरा हजार वाढतात. उलट वाटेत आणखी एक बेट घातलंत तर नवी बोट, नवी खोली आणि अर्धा दिवस बंदरावर.

गळती

कार्ड मशीनवर ‘रुपयांत की युरोत’ असं विचारलं तर नेहमी युरो दाबा. रुपयांत दिलंत तर तिथली बँक आपल्या मनाचा दर लावते. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. फॉरेक्स कार्ड त्याहून स्वस्त. बेटावरच्या एटीएमवर विसंबू नका, तीनशे युरो रोख न्या. यूपीआय चालेल असं धरून जाऊ नका.

सहल कंपनीकडून पूर्ण पॅकेज घेतलंत तर त्यावर आगाऊ कर कापला जातो. १ एप्रिल २०२६ पासून त्याचा दर सरसकट २ टक्के आहे, आधी तो दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरून परत मागता येते. पण विवरणपत्र न भरणाऱ्याचे पैसे सरकारकडेच राहतात. तसंही मोठ्या कंपन्यांच्या ग्रीस सहली सँटोरिनी-मिकोनोसच्या असतात. तिलोसला स्वतःच आखून जावं लागतं.

बोट वाऱ्यामुळे रद्द झाली तर युरोपीय नियमांनुसार तिकिटाचे पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यांपैकी एक मागता येतं. खराब हवामान हे कारण असलं तर नुकसानभरपाई मात्र मिळत नाही. तिकीट ज्या खिडकीवरून किंवा संकेतस्थळावरून घेतलं तिथेच मागा, आणि बोट रद्द झाल्याचा संदेश पुसू नका, विम्याचा दावा करताना तो लागतो. रोड्सची खोली आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द करता येईल अशीच घ्या. रोड्स-अथेन्स विमानाचं तिकीट थोडे पैसे जास्त देऊन तारीख बदलता येणारं काढा: बोट चुकली म्हणून त्या विमानाचे पैसे कोणीच परत देत नाही.